मूळगावचा दाखला

लाराबाचं नाव ऐकून ती कुणाची, हे कुणालाच सांगता यायचं नाही. लाराबा म्हणजे बुधवार. आमच्याकडे बुधवारी झालेल्या मुलीला मशिदीत जाणारेही हे नाव ठेवतात आणि चर्चमध्ये जाणारेही. ती स्वतः दक्षिणेच्या डोंगरातल्या न्गास लोकांतली, रविवारी चर्चला जाणारी. तिचा नवरा टांको. त्याचा बाप बाउचीकडच्या एका खेड्यातून कथिलाच्या खाणीत खोदायला जोस शहरात आला तो इथलाच झाला आणि इथल्याच मातीत गेला. टांको ईदला मशिदीत जायचा आणि नाताळला बायकोच्या हातचा भात चापायचा. कुणी टोकलं तर म्हणायचा, "देव एकच आहे हो, जेवणाच्या वेळा तेवढ्या दोन."

तुडुन राके नावाच्या चढावर लाराबाचं शिवणकामाचं दुकान होतं. पत्र्याची खोली आणि दारात पायमशीन. चर्चमध्ये गाणाऱ्यांचे झगे आणि मदरशातल्या पोरींचे हिजाब त्याच मशीनवर शिवले जायचे. समोर हाजिया मैरो राहायची. दोघी एकाच भांड्यातून चवळीची भजी खायच्या आणि दोघींचं सरकारबद्दलचं मतही एकच होतं. दिवे गेले की हाजिया ओरडायची, "लाराबा, स्वातंत्र्य गेलं बघ पुन्हा!"

दोन हजार एक सालच्या सप्टेंबरात, एका शुक्रवारी, मशिदीवाले आणि चर्चवाले एकमेकांवर उठले आणि शहर पेटलं. दुसऱ्या दिवशी घरातलं रॉकेल संपलं म्हणून टांको डबा घेऊन बाहेर पडला. तो परत आला नाही. पुढे लोक सांगत होते, की चौकात आधी एका बाजूची पोरं उभी होती, मग दुसऱ्या बाजूची आली. त्यांनी नाव विचारलं असणार. टांको हे नावही दोन्हीकडे चालतं. तो काय म्हणाला, कुणाला म्हणाला आणि कुणाला ते पटलं नाही, हे लाराबाला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रेत मिळालं नाही. पोलिसांनी एका कागदावर 'बेपत्ता' लिहून दिलं.

तेव्हापासून भीती त्या घरात भाडेकरूसारखी राहायला आली. लाराबा झोपताना चपला उशाशी ठेवायची. कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेच्या वस्त्रात. रस्त्यावर कुणी पळताना दिसलं, मग ते पोर पतंगामागे का पळत असेना, तिचा पाय मशीनवर थांबायचा. दोन हजार आठला पुन्हा दंगल झाली. त्यानंतर हाजिया मैरोने आपलं घर पलीकडच्या वस्तीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाशी बदलून टाकलं. शहरभर असंच चाललं होतं. जाताना हाजिया म्हणाली, "मी तुझ्यामुळे नाही जात, हे तुला माहीत आहे ना?" लाराबा म्हणाली, "माहीत आहे." दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

दोन हजार दहाच्या जानेवारीतही शहर जळलं. आणि त्याच वर्षी लाराबाची एकुलती एक मुलगी असाबे नर्सिंगच्या शाळेची परीक्षा पास झाली. अठरा वर्षांची, उंच, बापासारखी पटकन बोलून मोकळी होणारी. शाळेने बाकी सगळे कागद घेतले आणि एक मागितला. मूळगावचा दाखला.

दाखल्याच्या कचेरीत खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला.

"बापाचं गाव?"

"जोस," लाराबा म्हणाली. "इथेच जन्मला तो."

"जन्म नाही विचारला बाई. मूळ विचारलं. त्याचा बाप कुठला?"

"बाउचीकडचा. पण साठ वर्षांपूर्वी आला इथे."

"मग दाखला तिकडे मिळेल."

"साहेब, मी इथली आहे. या डोंगरातली. माझ्या आजीची आजीसुद्धा—"

"तुमच्यावरून नाही लागत गाव. बापावरून लागतं." त्याने अर्ज परत सरकवला आणि आवाज खाली आणला. "आणि मावशी, हे असं बाउची-बाउची इथे मोठ्याने बोलत जाऊ नका. मागे रांगेत कोण उभं आहे, काय सांगावं."

लाराबाने मागे वळून पाहिलं नाही. मुलीचा हात धरला आणि सरळ बाहेर आली. चढ चढेपर्यंत तिला पाठीवर कुणाचे तरी डोळे असल्यासारखं वाटत राहिलं.

जूनमध्ये मायलेकी टांकोच्या बापाच्या खेड्याला गेल्या. लाराबा तिथे याआधी एकदाच, लग्नानंतर गेली होती. गावच्या मुखियाने त्यांना चटईवर बसवलं, बाजरीचे गोळे घातलेलं ताक दिलं, चौकशी केली. म्हातारा वागायला वाईट नव्हता. टांकोच्या बापाचं नाव निघाल्यावर हसलासुद्धा. "हो हो, कथिलवाला! माझ्या बापाबरोबर गुरं राखायचा." पण दाखल्याचं म्हटल्यावर त्याचा हात दाढीत गेला.

"पोरी, मी लिहून दिलं, की उद्या त्याच्या पुतण्यांना वाटणार तू जमिनीत वाटा मागायला आलीस."

"मला जमीन नको, बाबा," असाबे म्हणाली. "कागद पाहिजे."

"कागदच तर जमीन असतो." त्याने बाहेर एक नजर टाकली. "आणि दुसरं असं, की तुम्ही जोसहून आलात. जानेवारीत आमची तीन माणसं तिथे मेली. गावातली पोरं विचारतायत, त्या बाया कोण, कुठे प्रार्थनेला जातात. ताक प्या आणि उजेड आहे तोवर निघा. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ताक अर्धं टाकून त्या निघाल्या.

फाट्यावर त्यांना जोसला जाणारी प्रवासी गाडी मिळाली. त्याच फाट्यावर एक म्हातारा चढला. अंगात पांढरा झगा, डोक्यावर भरतकामाची टोपी, मांडीवर शुभकार्याला सुपारीसारखी वाटतात त्या कोलाफळांची टोपली. असाबेच्या शेजारी जागा होती तिथे बसला. म्हणाला, माझं नाव मालम हुदू, जोसला लेकीला मुलगा झालाय, बारशाला चाललोय. त्याने असाबेला शेंगा दिल्या. लाराबाला त्याची ती टोपी खिडकीतून लांबवरून दिसेल असं वाटत राहिलं, पण कुणाला टोपी काढा कसं म्हणायचं?

जोस तासाभरावर राहिलं असताना ड्रायव्हरने गाडी हळू केली. पुढे रस्त्यावर आडवा ओंडका होता, त्यावर टायर, आणि दहा-बारा पोरं.

"कुणाची पोरं आहेत?" मागून कुणीतरी विचारलं.

"दिसत नाही," ड्रायव्हर म्हणाला. मागे वळवावी तर मागून दोन मोटारसायकली येऊन आडव्या उभ्या राहिल्या होत्या.

मग गाडीत जे सुरू झालं ते लाराबाने आयुष्यात पुन्हा कुणाला नीट सांगितलं नाही. पुढच्या बाईने डोक्यावरचा रुमाल सोडला, मग घाईने पुन्हा बांधला, मग पुन्हा सोडला. एकाने गळ्यातला क्रूस तोंडात घातला. दुसऱ्याने जपमाळ सीटखाली ढकलली. मालम हुदूने टोपी काढली आणि तिच्यावर बसला. प्रत्येकजण ओंडक्याकडे बघत होता आणि मनात आपलं नाव जुळवत होता.

चेहऱ्याला फडकं बांधलेला एक पोरगा दारात आला. हातात कोयता.

"नाव?"

"लाराबा."

"कुठली लाराबा?"

तो बाजारात सगळेच बोलतात त्या हौसा भाषेत बोलत होता, पण त्याचे हेल लाराबाने ओळखले. तिच्याच डोंगरातले. तिचा भाऊ हौसा बोलताना असाच अडखळायचा. तिने न्गास भाषेत उत्तर दिलं. गावाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. पोराचा कोयता खाली आला.

"आमच्यातली आहेस होय, मावशी," तो म्हणाला. "ही?"

"माझी मुलगी."

"आणि हा म्हातारा?"

दोन शब्दांचं काम होतं. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर ते खरं होतं आणि गाडी सुटली असती. आपण तेच म्हणणार आहोत हे तिला तेव्हाच कळलं होतं. ओठ उघडलेसुद्धा.

"काका," असाबे म्हणाली. "माझे मोठे काका. बाबांचे भाऊ."

"मग त्याला बोलू दे की."

"त्यांना ऐकू येत नाही. लहानपणापासून."

फडकंवाल्याने मागे मान केली. एक पोरगा पत्र्याचा डबा घेऊन गाडीच्या पलीकडून आला आणि त्याने म्हाताऱ्याच्या कानामागे, खिडकीला लागूनच, डब्यावर दगड आपटला. सगळी गाडी दचकली. पुढच्या सीटवरचं एक तान्हं पोर रडायला लागलं. मालम हुदू समोर बघत राहिला. पापणी हलली नाही. त्याच्या मांडीवरची टोपली मात्र अगदी बारीक थरथरत होती. असाबेने तिच्यावर हात ठेवला, जणू टोपली तिचीच होती.

"तुझ्या बापाचं नाव काय?" पोराने तिला विचारलं.

"टांको."

"कुठला टांको?"

आता लाराबाला वाचा फुटली. "जोसचा टांको! दोन हजार एकला रॉकेल आणायला गेला तो आला नाही. कुणी मारला ते शोधून मला सांगतोस? का हेही तुझ्या मावशीनेच सांगायला पाहिजे?"

पोराने कोयता दुसऱ्या हातात घेतला. फडक्यावरचे डोळे फार तर सतरा वर्षांचे होते. मग त्याने विचारलं, "जोसला कुठे राहतेस?"

"तुडुन राके. शिवणाचं दुकान आहे."

"येईन एकदा. काका कसे आहेत ते बघायला."

ओंडका बाजूला झाला. अर्ध्या मैलावर सरकारी पहाऱ्याची चौकी होती. बंदूकवाले झाडाखाली सरबत पीत बसले होते. ड्रायव्हरने मागे काय चाललंय ते सांगितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "आमची हद्द या दगडापासून सुरू होते."

जोसच्या गाडीतळावर मालम हुदू उतरला. चेपलेली टोपी त्याला धड घालता येईना. असाबेने ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"मुली, बापाचं नाव काय म्हणालीस?"

"टांको."

"टांको," तो म्हणाला. मग त्याने कोलाफळांची अख्खी टोपली तिथेच तिच्या पायांशी ठेवली आणि गर्दीत शिरला.

त्या दिवसापासून लाराबा त्या पोराची वाट पाहत राहिली. दारात सावली पडली की तिच्या हातातली कात्री थांबायची. कापडाचं माप चुकायला लागलं. एकदा खरंच एक सतराएक वर्षांचा पोरगा आला आणि दारात उभा राहून आत बघत राहिला. तिने मशीनमागे हात घालून इस्त्री धरली. त्याला पँट आखूड करून हवी होती. ती त्याच्या पायाशी टाचण्या घेऊन बसली आणि तो तोच आहे की नाही, हे तिला वर बघून ठरवता येईना. पैसे देऊन तो गेला. तो तोच होता का, हे तिला कधीच कळलं नाही, आणि ती वाट पाहणं संपलंही नाही.

जुलैत तिचा भाऊ गोफ्वेन डोंगरातून उतरला. सगळं ऐकून म्हणाला, "एवढंच ना? माझ्या नावावर काढू. माझी मुलगी म्हणून. आमचा मुखिया शाळेत माझ्या शेजारी बसायचा."

"मामाचा बाप करायचा?" असाबे म्हणाली.

"कागदावर गं."

"कागदावरच तर सगळं चाललंय ना, मामा!"

ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी लाराबा तिच्याजवळ जाऊन बसली. "तुझे बाबा मेलेत," ती म्हणाली. हा शब्द तिने नऊ वर्षांत उच्चारला नव्हता, बेपत्ताच म्हणायची. "त्यांना आता कागद लागत नाही. तुला लागतो. आणि असाबे, मला फार भीती वाटते गं. उद्या कुणी विचारलं तर तुझ्याकडे दाखवायला एक तरी गाव पाहिजे."

असाबेने तोंड भिंतीकडे फिरवलं. पण सकाळी तिने मामासमोर सही केली.

दाखला आला. असाबे गोफ्वेन, मूळ रहिवासी. आता दोन बापांचे कागद एका घरात सापडले तर काय, ही नवी भीती लाराबाला लागली. टांकोच्या बापाचा खाणीतला बिल्ला, टांकोची कराची पावती, पोलिसांचा तो 'बेपत्ता'वाला कागद. जाळायला काडी ओढली, पण हात होईना. शेवटी तिने एका जुन्या उशीची शिवण उसवली, कापसात ते सगळं सरकवलं आणि पुन्हा बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. त्या उशीवर ती स्वतः झोपायला लागली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडली. देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून फाटकावर हिरव्या-पांढऱ्या कापडाच्या माळा होत्या. लाराबाच्या शिवणकरणीच्या नजरेला त्यांची शिवण कच्ची दिसली, दोन-तीन ठिकाणी सुटलीच होती. पालकांना फाटकाबाहेर थांबायला सांगितलं होतं. आत नव्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि एक बाई यादी घेऊन नावं वाचत होत्या.

लाराबा गजांना धरून उभी होती. तिने रात्रभर विचार केला होता, की नाव पुकारल्यावर पोर गोंधळेल, एक क्षण थांबेल, कुणाच्या तरी लक्षात येईल.

"असाबे गोफ्वेन!"

"हजर!" असाबे म्हणाली. लगेच, खणखणीत आवाजात, जणू जन्मापासून तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारलीच नव्हती.

बाईंनी पुढचं नाव घेतलं. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. लाराबाची भीती मात्र कमी झाली नाही. उलट टांकोचं नाव पोरीच्या तोंडून इतक्या सहज गेलं याचीच आता तिला भीती वाटली, आणि बाकीच्या आया हसत-बोलत उताराला लागल्या तरी ती गज सोडेना.