जेवत्या हाताची दाढ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि ती माझ्याच दवाखान्यात बसते, पेशंटची नावं लिहून घेते. मग तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे.

मी दातांचा डॉक्टर. विरारला, मनवेलपाड्यात दवाखाना. माझा हात हलका आहे म्हणतात लोक. ऐकायला बरं वाटायचं.

अर्नाळ्याची एक मावशी आमच्या नाक्यावर मासळी विकायला बसते. साठीची असेल. तीन वर्षांपूर्वी दाढ दुखतेय म्हणून सुनेला सोबत घेऊन आली. कुठली दाढ, मी विचारलं. "जेवत्या हाताची बाजू," ती म्हणाली. "पानी पन पिववत नाय." जेवता हात म्हणजे उजवा — यात आणखी काय विचारायचं? उजवीकडे खाली किडलेली दाढ दिसलीही. भरली असती तर टिकली असती. पण एवढी ठणकतेय म्हटल्यावर काढायची ठरवली. बाहेर चार जण ताटकळत होते. एक्स-रे काढला नाही. डावीकडे तर धड पाहिलंसुद्धा नाही.

सुई टोचताना तिनं हात उचलला, काहीतरी दाखवायला लागली. मी तो खाली दाबला. घाबरून करतात लोक असं — करतात ना? "बोलू नका, मावशी," म्हणालो, आणि दाढ काढली.

अर्ध्या तासानं सुनेनं खालच्या दुकानातून आइस्क्रीमचा कप आणून दिला. मावशी बाकावर बसून खाऊ लागली. चमचा तिच्या डाव्या हातात होता.

मावशी डावरी होती.

लाज वाटली का? नाही, आधी भीती वाटली. पाटी, नाव, नाक्यावरची कुजबुज — सगळं डोळ्यांपुढे आलं. ती दोन पावलांवर बसली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिला उद्यापासून मिठाच्या गुळण्या करा म्हणालो, आणि स्वतः मात्र तेव्हापासूनच मिठाची गुळणी धरली.

तिसऱ्या दिवशी ती परत आली, डावा गाल सुजलेला. काढलेली दाढ कधी दुखलीच नव्हती म्हणाली — अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून. सून माझ्याकडे बघत राहिली. आणि मी — इथवर आलोय तर सांगतोच — मी आवाज चढवला. पथ्य पाळलं नाहीत, तिखट खाल्लंत, मग दुखणं पसरणारच. चोराच्या उलट्या बोंबा. सगळ्या पेशंटांदेखत सून सासूवर घसरली, कालवण ओरपलंत म्हणून. मावशी खाली मान घालून ऐकत होती.

गोळ्यांनी सूज उतरवून मी डावी दाढही काढली. खालच्या चावायच्या तिला त्या दोनच उरल्या होत्या. आता ती भाकरी भिजवून खाते.

त्या दिवशी खुर्चीतून उठताना तिनं हात जोडले. "चुकला माजा, दाक्तर," म्हणाली.

मी म्हणालो, "असू दे, मावशी. पुढच्या वेळी काळजी घ्या."