सरदाराला करमत नव्हतं

आई माझ्या बाळंतपणासाठी म्हणून तीन महिन्यांकरता इकडे परदेशात, ल्यूकनला आली आणि विमानंच बंद पडली. बाबा यवतमाळकडे गावी एकटे. २०२० च्या त्या मे महिन्यात घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. आईला घर खायला उठायचं. सोमवारी तर विचारूच नका, कारण गावचा आठवडी बाजार सोमवारचा. सकाळपासून कापडी पिशवी घेऊन दारापर्यंत जायची, परत यायची. तिच्या येरझाऱ्यांनी माझंही डोकं फिरायचं.

म्हणून बाळाला बाबागाडीत घालून आम्ही रोज एका पडक्या गढीपर्यंत जाऊ लागलो. तिथे एक पाटी आहे. आठशे वर्षांपूर्वी वेल्समधल्या एका बाजाराच्या गावातून एक नॉर्मन सरदार स्वारीवर आला आणि इथेच राहिला. त्याने इथे बाजार भरवला, तोही आपल्या गावचाच वार धरून. मी आईला वाचून दाखवलं.

"त्याले करमत नसन," आई लगेच म्हणाली.

मेल्यावर आपल्याला त्या गावी न्यावं, अशी त्याची इच्छा होती, असं पुढे होतं. त्याखालचं सगळं पावसाने पुसून गेलेलं.

"मंग नेलं का नाई त्याले?"

रोज हाच प्रश्न. एकदा मी खेकसलेच, "आठशे वर्षं झाली आई! आता काय फरक पडतो?"

"पडते," एवढंच म्हणून तिने बाबागाडी वळवली.

मी का खेकसले ते मला पक्कं ठाऊक होतं. अडकलेल्यांसाठीच्या खास विमानात आईला जागा मिळाल्याचा मेल आला होता आणि मी तो दाबून ठेवला होता. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. पण नवरा लांब ट्रलीला हॉस्पिटलात डॉक्टर, तो तिकडेच अडकलेला. तान्ह्या बाळासोबत एकटी राहायच्या भीतीने मी तो मेल उघडायचे आणि परत बंद करायचे. उद्या सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्या सोमवारी गढीपाशी शेजारच्या शेतातले म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन उभे होते. मी लांबूनच त्यांना सरदाराबद्दल विचारलं.

"युअर मॅन?" इथे कुणाही पुरुषाला असंच म्हणतात. "त्याचं काळीज तेवढं गेलं, शिशाच्या डबीत घालून, जहाजाने. बाकीचा आहे इथेच, त्या कुंपणाखाली. ग्रँड आहे तो, एकदम मजेत."

मी आईला सांगितलं. ती दगडी कठड्यावर बसली.

"माहं काळीज त कवाचंच गेलं," ती म्हणाली. "हे बाकीचं धाडून दे, बाई."

मला रडू फुटलं. मेलचं सगळं सांगून टाकलं.

"मले ठाऊक हाय. इमानाच्या फारमावर तुह्या बाबाचा नंबर होता ना. त्याहिले फोन आलता."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याहिनंच सांगतलं, पोरगी आपल्या तोंडानं सांगन तवाच ये."

बाळ गाढ झोपलं होतं. मी तिथेच उभ्या उभ्या होकार पाठवला.