अनसूयाकाकूंचं नाटक

माधवनगरला मी अनसूयाकाकूंकडे भाडेकरू म्हणून राहायला गेले, त्याच संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून भांडण ऐकू आलं. एक पुरुष दरडावत होता, एक म्हातारी शिव्याशाप देत होती. मी धावत गेले. आत काकू एकट्याच भाकरी थापत होत्या.

“अगं, भांडण न्हाई, तिसरा अंक हाय,” त्या म्हणाल्या. “आधी तोंडानं म्हणून बघायचं. जिभंला अडलं की कागदावर घ्यायचं न्हाई.”

त्यांचे यजमान गिरणीत कामाला होते. कराडजवळच्या त्यांच्या गावी यात्रेत गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. ते काकू लिहायच्या, यजमान त्यात काम करायचे. हस्तपत्रकावर मात्र लेखक म्हणून यजमानांचं नाव असे. बाईचं नाव वाचून लोक हसतील, असं यात्रा कमिटीचं म्हणणं. यजमान गेले, गावातली नाटकं थांबली, काकू लिहीत राहिल्या. कधी विषय निघाला तर म्हणायच्या, “पोरांम्होरं बापाचं नाव लागतं, नाटकाम्होरंबी लागलं.” एवढं बोलून हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी सिनेमावाले आले. जुन्या काळातल्या, नावासाठी झगडणाऱ्या एका लेखिकेची गोष्ट होती. तिनं लिहिलेलं म्हणून दाखवायला त्यांना गावाकडचं खरं नाटक हवं होतं. काकूंनी आपलं एक नाटक दिलं. दिग्दर्शकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मला दुसरं काय नगं. माझं नाव मातर घाला.”

“नक्की, आजी,” तो म्हणाला.

सिनेमा सांगलीत लागला तेव्हा काकू इरकल नेसून आल्या. त्यांचा मुलगा सुरेश फौजेतून निवृत्त होऊन घरी आला होता, तोही सोबत होता. शेवटी नावं सरकू लागली. लोक उठून निघाले, आम्ही बसून राहिलो. नाव आलं. यजमानांचं.

सुरेश उभा राहून टाळ्या वाजवू लागला. “आई, बघ, आबांचं नाव! सिनेमावाल्यांच्या हापिसातनं फोन आलता, लेखक कोण म्हणून. मीच सांगितलं.” आबा सांगायचे आणि आई उतरून घ्यायची, असंच तो लहानपणापासून समजत आला होता.

“दिसलं, बाबा,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला फोन करायला निघाले, तर त्यांनी हात धरला. “काय सांगशील? माझा नवरा खोटा हुता म्हणून? मेलेल्या माणसाचं नाव खोडून माझं लिवायचं, ते माझ्यानं न्हाई व्हायचं.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “पर लय वाटत हुतं गं.”

त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघरातून आवाज आला नाही.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. शोकसभा गावी झाली. थोर नाटककाराला आयुष्यभर साथ देणारी माऊली, असं एक वक्ता बोलला. मला बसवेना. मी उठून म्हटलं, “ती नाटकं काकूंनी स्वतः लिहिली होती.”

सुरेश हात जोडून म्हणाला, “ताई, आजच्या दिवशी आबांना कशाला खोटं पाडताय?”

मी खाली बसले. शेजारी काकूंच्या वयाची एक बाई होती. माझ्याकडे न बघता, तोंडाला पदर लावून ती पुटपुटली, “आमाला ठावं हाय की. गावातल्या समद्या बायांस्नी ठावं हाय.”