कोऱ्या पानाखालची सही

आमच्या ग्रामपंचायतीत एक पद्धत होती, ती आधी सांगतो. सभेचं प्रोसिडिंग बुक उघडायचं, वर तारीख टाकायची, मधलं पान कोरं सोडायचं आणि तळाशी मेंबरांच्या सह्या-अंगठे घेऊन टाकायचे. मग सभा सुरू. शेवटपर्यंत कोणी बसतच नसे. कोणाचे बैल सुटलेले, कोणाला वावरात जायचं, कोणी नुसताच कंटाळलेला. सह्या राहिल्या तर चपराशाला दारोदार हिंडावं लागे. म्हणून सह्या आधी आणि मजकूर मागून. मजकूर मी खोलीवर बसून लिहायचो. मी सेक्रेटरी होतो. माझ्या आधीच्या सेक्रेटरीनंही हेच केलं होतं, शेजारच्या गावांतही हेच चाले. हे मी बचावासाठी सांगत नाही. पुढचं समजावं म्हणून सांगतो.

गाव केळापूर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या नव्या नव्या झाल्या होत्या. वरून थोडाफार पैसा गावापर्यंत यायला लागला होता, आणि त्याचा हिशेब वर्षातून एकदा गावासमोर मोठ्यानं वाचायचा असा नियम होता. वाचायचंही एक तंत्र होतं. जमेची बाजू सावकाश, एकेक आकडा सुटा करून वाचायची, खर्चाची एका दमात. गाव त्याला माना डोलवायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, नोकरी कच्ची.

नाल्याच्या पलीकडे खालचा मोहल्ला. तिथले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्याला सहा-सात वर्षं झाली होती. आल्या आल्या त्यांनी घरातले देव नाल्यात सोडले आणि गावातली मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. देवांचं गावानं फार मनावर घेतलं नाही, ढोरांचं घेतलं. कागदावर मी 'बौद्धपुरा' लिहायचो. तोंडानं आम्ही सगळे जुनंच नाव घ्यायचो, मीसुद्धा.

त्या मोहल्ल्यातून एक मेंबर निवडून आले होते. चाळिशीचे असतील. हंगामात जिनिंगमध्ये हमाली करायचे, एरवी विहिरींच्या खोदकामावर जायचे. आज लिहिताना हात आपसूक 'ते' लिहितो. तेव्हा मी त्यांना अरेतुरे करायचो, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे असूनही. ते मला 'सेक्रेटरी साहेब' म्हणायचे.

मोहल्ल्यातल्या प्रौढांच्या वर्गात ते सही शिकले होते. बाकीच्या मेंबरांत तिघांचे अंगठे होते, त्यात सरपंचाच्या चुलत्याचाही. यांची सही. पेन मुठीत धरायचे, जीभ दातांत, आणि अक्षर पुरं झालं की खाली एक रेघ. वेळ लागायचा.

"मेंबर, सही करून राह्यले का तिफन हाकून राह्यले?" कोणीतरी हमखास म्हणे.

"तिफनच आहे भाऊ," ते मान वर न करता म्हणायचे. "वाकडी गेली त तुम्हीच हासान."

आणि सही झाल्यावर पान थोडं लांब धरून बघायचे.

त्या साली पंचायत समितीकडून खालच्या मोहल्ल्याच्या रस्त्यावर मुरूम टाकायला पैसा आला. काळी जमीन. पावसाळ्यात नाल्यापासून मोहल्ल्यापर्यंत गुडघाभर चिखल, बैलसुद्धा फसायचे. मुरूम खाणीतून निघाला, गाड्या भरल्या, गावातून गेल्या. गेल्या त्या सरपंचाच्या अंगणात. हंगामात त्यांच्याकडे कापसाच्या गाड्या उभ्या राहत, त्यांची चाकं रुतत. अंगण लाल झालं, गोठा लाल झाला. गाडीवाल्यांचे अंगठे मी घेतले, खर्च मी टाकला. यात मला काही मिळालं नाही. चहा मिळाला असेल.

हिशेबाची सभा भादव्यात झाली, चावडीसमोरच्या निंबाखाली. सह्या आधीच झाल्या होत्या. मी खर्चाच्या बाजूला आलो आणि वेग धरला. "बौद्धपुरा रस्त्यावर मुरूम टाकणे, गाड्या चाळीस."

"थांबा जरा, सेक्रेटरी साहेब. कुठी टाकला?" मेंबर म्हणाले.

मी म्हणालो, "रस्त्यावर."

"मी त्याच रस्त्यानं आलो. हे पाहा." त्यांनी धोतर वर धरून पाय पुढे केला. पोटरीपर्यंत काळा चिखल.

लोक हसले. "पाय धुऊन येत जा ना बे सभेले," कोणी म्हणालं.

"धुतो ना भाऊ. पन मुरूम लाल असते. माह्यावर लाल काई दिसते का? सरपंचाच्या आंगनात जाऊन या, बैलाचे खूर लाल दिसतीन."

सरपंच तंबाखू मळत होते. शांतपणे म्हणाले, "तुमचा मुरूम चिखलानं गिळला, मेंबर. काळी माती आहे. तिचं पोट मोठं."

"तुमच्या आंगनात बी काळीच आहे. तिचं पोट लायनं कसं?"

आता कोणी हसलं नाही. सरपंचाचा मळता अंगठा थांबला. मेंबर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "साहेब, तुम्ही शिकेल मानूस. तुम्ही वाचलं ते खोटं आहे."

सभा तिथेच मोडली. जाताना सरपंच मला एवढंच म्हणाले, "बाबू, मिटवून टाक." त्यांचा अर्थ सरळ होता. प्रश्न लिहू नको, मंजूर लिही. तेवढं केलं असतं तर ते नेहमीचं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर बुक उघडून बसलो. तळाशी सह्या होत्या. 'जमाखर्च वाचून दाखविण्यात आला. बौद्धपुरा रस्त्याच्या कामाबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले. सर्वानुमते मंजूर.' सूचक म्हणून एक नाव टाकलं. मग 'अनुमोदक' लिहिलं आणि त्यापुढे खालच्या मोहल्ल्याच्या मेंबरांचं नाव घातलं.

इतकी वर्षं मी सांगत आलो, आणि सांगण्यासारखे लोक फार नव्हते, की सरपंचानं लिहायला लावलं. ते खरं नाही. सरपंचाला ते सुचलंही नसतं. चारचौघांत मला खोटं म्हटलं गेलं होतं, आणि ते मेंबरांनी म्हटलं होतं. सरपंच म्हणाले असते तर मी मान खाली घातली असती, रात्री नीट झोपलोही असतो. नाव लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. हुशारी केल्यासारखं वाटलं. सरपंचाला दाखवलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "वा रे बाबू. तू त आमच्याहून पुढं गेला."

मेंबरांनी तालुक्याच्या ठिकाणी, पांढरकवड्याला जाऊन अर्जनविसाकडून अर्ज लिहून घेतला आणि पंचायत समितीत दिला. कार्तिकात विस्तार अधिकारी चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्या आठवड्यातलं त्यांचं ते चौथं गाव. रस्ता बघितला. चिखल वाळून दगडासारखा झाला होता, चाकोऱ्यांत पाय मुरगळावा असा. सरपंचाचं अंगणही बघितलं. मुरूम कोणाकडेही असू शकतो, असं म्हणाले. मग माझ्याकडून बुक मागितलं आणि ते पान दोनदा वाचलं.

"तक्रारदार कोण म्हणालात?"

मी नाव सांगितलं.

"अनुमोदन त्याचंच आहे."

"हो साहेब."

तक्रार मोहल्ल्याची होती म्हणून मोहल्ल्यातच वाचून दाखवायचं ठरलं. लोक एका ओट्याभोवती जमले. मेंबरांची मोठी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा-आठवा महिना असावा. ती दाराला टेकून उभी होती. मी वाचलं. या वेळी सावकाश वाचलं, कारण अधिकाऱ्यांनी तसं सांगितलं होतं. अनुमोदकाचं नाव आलं तेव्हा काही क्षण कोणाला कळलंच नाही. मग सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

अधिकाऱ्यांनी पान त्यांच्यापुढे धरलं. "सही तुमची?"

त्यांनी वाकून पाहिलं. "सही माही आहे. वरचं माहं नाई."

"म्हणजे?"

"वर कोरं होतं साहेब."

"कोऱ्यावर सही कशाला केली?"

"सारेच करत होते. मले वाटलं, सही म्हनजे आलो म्हनून." आणि म्हणाले, "सही कराले शिकवलं कोनी. कोऱ्यावर नाई कराची, हे नाई शिकवलं."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "सेक्रेटरी साहेब, मी काय म्हनलो होतो सभेत? तुम्हीच सांगा."

सगळा मोहल्ला माझ्याकडे बघत होता. अधिकारीही. मी म्हणालो, "बुकात लिहिलेलं आहे."

त्या सभेला मोहल्ल्यातलं दुसरं कोणी आलं नव्हतं. हिशेबाच्या सभेला ते येत नसत, चावडीसमोर कुठे बसायचं हाच प्रश्न असे. त्यांच्या वतीनं मेंबर येत. तिथे काय बोलले, हे मोहल्ल्याला मेंबरांच्याच तोंडून कळलं होतं.

एक म्हातारी पुढे आली. नात्यानं त्यांची मावशी की मामी. "चाळीस गाड्याईत तुह्या कितीक होत्या रे?" तिनं विचारलं.

कोणीतरी मागून म्हणालं, "त्याचा वाटा मुरमात नाई, रोख असन."

"मंग अर्ज कायले केला असता मी?" ते म्हणाले.

"वाटा कमी पडला असन म्हनून."

यावर लोक हसले. मेंबरांनी मुलीकडे पाहिलं. ती आत गेली आणि दार लोटलं गेलं. दार अगदी हळू लोटलं होतं. चौकशीचा निकाल तिथेच लागला. 'तक्रारीत तथ्य नाही', हे अधिकाऱ्यांनी नंतर लिहिलं, ते नुसतं कागदासाठी.

पुढच्या निवडणुकीला मोहल्ल्यानं त्यांना उभं केलं नाही. लग्नाकार्यात पंक्तीला बोलावत, पण पैशाचं काम त्यांच्या हाती देणं बंद झालं. विहाराच्या वर्गणीची पेटी त्यांच्याकडे असायची, ती काढून घेतली. दोनेक वर्षांत ते गाव सोडून गेले. माझी नोकरी पक्की झाली, बदली झाली, आणि पुढे मीच विस्तार अधिकारी झालो. लोकांची प्रोसिडिंग बुकं तपासायला लागलो. सह्यांच्या वर कोरी जागा दिसली की सेक्रेटऱ्यांना झापायचो. कडक माणूस म्हणून माझं नाव झालं होतं.

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा ते मला यवतमाळजवळ लोहाऱ्याला भेटले. तिथे कारखान्यांच्या शेडा उभ्या राहत होत्या. मी सायकलवरून चाललो होतो, ते रेती चाळत होते. मी ओळखलं नव्हतं, त्यांनीच हाक मारली.

"सेक्रेटरी साहेब नाई का?"

चहाच्या टपरीवर बसलो. पाऊसपाण्याचं बोललो. आणि कसं कोण जाणे, मी बोलून गेलो. "ते नाव मी घातलं होतं. सरपंचानं सांगितलं नव्हतं."

त्यांनी बशीत चहा ओतला, पण बशी उचलली नाही. म्हणाले, "मले वाटे, सरपंचानंच लिवाले लावलं. म्हनून तुमच्यावर राग नोता माहा. घरी बी सांगो मी, गरिबाचं पोरगं आहे, नोकरी जाईन म्हनून लिवलं असन."

मला उठून जावंसं वाटलं.

"काहून पन?" त्यांनी विचारलं. "मी तुमचं काय केलतं?"

"तुम्ही सगळ्यांसमोर मला खोटं म्हणालात."

"ते त खोटंच होतं ना."

"हो."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, नुसतीच. गार झालेला चहा प्यायले. मग म्हणाले, "मले सांगून काय फायदा? मले त ठाऊकच होतं. माह्या पोरीले सांगा. तिच्या सासरी समजलं ते. चोराची पोर म्हनतात. बाळंत झाली आन् गेली, मंग आलीच नाई. मी गेलतो दोन डाव. बोलते, पानी देते. पन म्हनते, बाबा, बुकात आहे ना."

"मी सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी गावाचं नाव सांगितलं, मारेगावच्या वाटेवरचं. मी डायरीत टिपून घेतलं. नीट लिहिलं का म्हणून त्यांनी वाचायला लावलं. वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "विसरू नका साहेब." चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

विसरलो नाही. त्या भेटीनंतर दीड-दोन वर्षांनी ते वारल्याचं मला कळलं. त्याआधी मारेगावकडे माझे तीन दौरे झाले होते, नंतरही पुष्कळ झाले. प्रत्येक वेळी ठरवून निघायचो. काय बोलायचं ते मनात जुळवायचो. पहिलं वाक्य जुळायचं, त्यापुढचं जुळत नसे, कारण पुढच्या वाक्यात 'काहून' येणार हे माहीत होतं. तिच्या गावच्या फाट्याला एसटी थांबते. बाया टोपल्या घेऊन उतरतात, चढतात. एकदा दोन पोरींना घेऊन एक बाई चढली आणि माझ्या पुढच्या बाकावर बसली. तीच असेल असं नाही. मी तिचा चेहरा एकदाच, दाराशी पाहिला होता. कंडक्टरनं विचारलं, अजून कोणी उतरणारं आहे का. मी मांडीवरची फाईल उघडली आणि वाचत राहिलो.