काही कमी-जास्त झालं तर

पत्र आलं तेव्हा मी घरी एकटाच होतो, हे एक बरं झालं. त्यातला आकडा वाचून मी स्वयंपाकघरात जे काही केलं, त्याला नाच म्हणणं म्हणजे नाचाचा अपमान. साउथहॅम्प्टनच्या ज्या कंपनीत मी उमेदीची वर्षं काढली, तिथली पेन्शन माझ्या नावावर पडून होती. जुन्या पद्धतीची पेन्शन. निवृत्तीनंतर दरमहा ठरलेली रक्कम, दरवर्षी महागाईच्या मानानं थोडी वाढ, आणि हे सगळं मरेपर्यंत. ती सोडून दिली तर त्याऐवजी एकरकमी किती द्याल, असं मी सहज विचारलं होतं. त्यांनी कळवलं. एवढा मोठा आकडा माझ्या नावापुढे आजवर फक्त घराच्या कर्जात दिसला होता.

ही रक्कम काही रोख हातात मिळत नाही. ती दुसऱ्या पेन्शन खात्यात टाकायची, आपल्या अकलेनं गुंतवायची आणि लागेल तशी काढायची. निर्णयाला मुदत तीन महिने. मी त्याच दिवसापासून गुंतवणूकतज्ज्ञ झालो. आयुष्यात मी एकदाच शेअर घेतले होते आणि वर्षभरात ती कंपनी बुडाली होती. बुडाल्यानंतरही मी घरात 'लाँग टर्म आहे ते' असं सांगत राहिलो होतो. तोच मी आता वॉटफर्डच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून फोनवर बाजाराचे आलेख बघायला लागलो. कपाळाला आठ्या पाडून, म्हणजे शेजारच्यालाही कळावं.

एजवेअरला माझा कॉलेजपासूनचा मित्र राहतो. त्यानं स्वतःची पेन्शन आधीच अशी हलवली होती. दर भेटीत तो आपला पॉट, म्हणजे त्या खात्यातली जमा, किती वाढला ते सांगायचा. पॉट घटला की क्रिकेटबद्दल बोलायचा. "अरे, आपले पैसे आपल्या हातात नकोत का?" तो म्हणाला, आणि मला पटलं. मला त्या दिवसांत काहीही पटत होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला कुणाची गरज लागली नाही.

सगळा हिशेब एकाच गोष्टीवर अडत होता. मी जगणार किती? लवकर गेलो तर रक्कम काढून घेणं फायद्याचं, खूप जगलो तर पेन्शन फायद्याची. मी इंटरनेटवर एक प्रश्नावली भरली. व्यायाम? रोज. तळलेलं? क्वचित. उत्तर आलं, मी नव्वदी ओलांडणार. मी खूश. मग लक्षात आलं, एवढं जगलो तर रक्कम काढण्यात तोटाच आहे. म्हणून परत बसून खरी उत्तरं भरली. नवा आकडा बघून मात्र मला त्या वेबसाइटचा इतका राग आला की मी लॅपटॉप आपटून बंद केला.

बायकोला मी रोज नवीन एक्सेल शीट दाखवायचो. पुण्यातली बँकेची नोकरी सोडून ती माझ्याबरोबर इथे आली. इथे पुढे शाळेच्या किचनमध्ये अर्धवेळ काम केलं. त्याची तिला पेन्शन मिळेल, पण महिन्याच्या वीजबिलाला पुरली तरी नशीब. ती कपड्यांच्या घड्या घालत सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची.

"आणि काही कमी-जास्त झालं तर?"

मी लगेच समजवायला बसायचो. हे बघ, पेन्शन कमी होत नाही, पॉट कमी-जास्त होतो, बाजारच तो, पण दहा वर्षांची सरासरी धरली तर घाबरण्यासारखं काही नाही. ती "बरं" म्हणायची. आठवडाभरानं परत तोच प्रश्न. मग मी रंगीत आलेख काढला. मित्राला फोनवर म्हणालोसुद्धा, बायकांना बाजाराची भीतीच वाटते रे.

एवढी मोठी रक्कम हलवायची तर सल्लागाराचा सल्ला घेणं इथे कायद्यानं सक्तीचं आहे. आमची सल्लागार माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं दोघांनाही बोलावलं. मी अर्धा तास बोललो, आलेखासकट. तिनं शांतपणे ऐकलं आणि बायकोकडे वळून विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? म्हटलं, आता ही तेच विचारणार. मी भाषांतराच्या तयारीत पुढे सरकलो.

बायकोनं मांडीवरची पर्स नीट केली आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "व्हेन ही डाइज, व्हॉट हॅपन्स टु मी?"

'इफ' नाही. 'व्हेन'.

सल्लागार जराही दचकली नाही. पेन्शन आहे तशी ठेवली, तर त्यांच्यानंतर निम्मी तुम्हाला, तुम्ही असेपर्यंत, दरमहा. हलवली, तर पॉटमध्ये जे उरेल ते. किती उरेल हे बाजारावर अवलंबून, आणि तोवर तुमचे पती पैसे किती शहाणपणानं हाताळतात त्यावर. मग दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

आमच्या घरात कुणी 'मेलं' असं म्हणत नाही. 'गेले' म्हणतात. आणि जाण्याआधी तो विषय काढायचा झाला, तर 'काही कमी-जास्त झालं तर' म्हणतात. माझी आई तसंच म्हणायची, मी स्वतः तसंच म्हणतो. आणि ही बाई दोन महिने जीव मुठीत धरून मला ते विचारत होती, तेव्हा मी तिला दहा वर्षांची सरासरी सांगत होतो. माझ्या शीटमध्ये माझं आयुष्य संपलं की ओळी संपत होत्या. त्यापुढे कुणी जगणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पेन्शन हलवायची नाही, हे जिना उतरतानाच ठरलं. पण लाज वाटली की मी चिडतो. गाडीत बसल्यावर म्हणालोच, सरळ विचारायचं होतंस ना, इतके दिवस माझा मूर्खपणा बघत बसलीस.

"विचारायला गेले की घशात अडकायचं," ती म्हणाली. "ते इंग्रजीत बोलता येतं. मराठीत नाही हो बोलवत."

मी गाडी सुरू केली. तिला एवढंच सांगायचं होतं, की माझ्यामागे तुला कसली ददात पडणार नाही. दोनदा तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सिग्नलला थांबल्यावर शेवटी म्हणालो, "यू विल बी ऑल राइट."

"गप्प बसा," ती म्हणाली, "आणि समोर बघून चालवा."