सणसरच्या मांडवातली पेटी

परवा एका सुताराच्या दारावरून जाताना उकळत्या सरसाचा उग्र वास आला आणि बारामतीतले माझे जुने दुकान डोळ्यांसमोर उभे राहिले.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. सणसरच्या आबांनी माझ्या बहिणीशी ठरलेली आपल्या मुलाची सोयरीक ऐनवेळी मोडली, दुसरीकडे जुळवली आणि त्या लग्नासाठी लाउडस्पीकरची लाकडी पेटी माझ्याकडूनच करून मागितली.

अशा पेटीला सरस आणि पितळी स्क्रू लागतात; नुसत्या खिळ्यांवरच्या फळ्या आवाजाने थरथरतात. मी स्क्रूंची पुडी उचलली, तेव्हा बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, खिळंच मार."

मी खिळेच मारले आणि मुद्दाम लग्नाला गेलो. मंगलाष्टके सुरू होताच पेटी खडखडू लागली. भटजींचा शब्द कळेना. मांडव हसू लागला. आबा तणतणत माझ्याकडे आले.

"स्क्रू लावलं न्हाईस व्हय रं?"

"न्हाय, आबा. खिळा कवाबी उपटता येतो, तुमच्या शब्दासारखा. म्हनलं, तुमास्नी त्योच आवडंल."

वय झाले की माणूस क्षमा करतो, असे म्हणतात. बहिणीने पुढे लग्न केले नाही. मी आबांच्या मयतालाही गेलो नाही.