शैलाताईंची न फुटलेली अंडी

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी केळ्याचे चिप्स तळत होते. पुण्याहून त्यांची विद्यार्थिनी गौरी बोलत होती. "मावशी, मॅडम सकाळी चहा घेता घेता गेल्या..." मी गॅस बंद केला. रडू नंतर आलं. त्याआधी मनात आलं, चला, आता सांगावं लागणार नाही. माझी नणंद गेली आणि मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं! दीड महिना झाला, ती लाज काही केल्या जात नाही.

शैलाताई आमच्या बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या याच घरात वाढल्या, शिकायला म्हणून पुण्याला गेल्या आणि पुढे पाण्यातल्या पाऱ्याचा अभ्यास करू लागल्या. लग्न केलं नाही. दर उन्हाळ्यात मात्र माहेरी यायच्या, त्या आंब्यासाठी नव्हे, तर तापीच्या वाळूत अंडी घालणाऱ्या नदी सुरय पाखरांसाठी. भर उन्हात छत्री घेऊन वाळूवर बसायच्या आणि काळ्या पडून परतायच्या. एकदा मी म्हटलं, "पारा तर थर्मामीटरात असतो, पाखरांचा त्याच्याशी काय संबंध?" त्या हसल्या नाहीत. पोळ्या लाटणाऱ्या माझ्याजवळ पाटावर बसून म्हणाल्या, "वहिनी, कुठेतरी कोळसा जळतो, धुरातला पारा पाण्यात उतरतो. तिथून मासळीत साठतो, मासळी खाणाऱ्या पाखरात त्याहून जास्त. आणि आई आपल्या अंगातला पारा थोडा अंड्यातही उतरवते. काही पिल्लं मग बाहेरच येत नाहीत." माझं लाटणं थांबलं होतं, एवढं आठवतं.

त्या वर्षी बरीच अंडी फुटलीच नाहीत. वनखात्याची परवानगी काढून त्यांनी ती पाखरांनी सोडून दिलेली अंडी गोळा केली, एकेक कागदात गुंडाळून वर जागा आणि तारीख लिहिली आणि स्टीलचा डबा आमच्या फ्रीजरमध्ये ठेवला. "वहिनी, ही खायची नाहीत हं, आणि फेकायचीही नाहीत," म्हणाल्या. आमच्या शाकाहारी घरात अंडी! मी हो म्हटलं, पण नाक मुरडूनच. त्या बर्फाची पेटी आणायला पुण्याला गेल्या आणि इकडे आमच्या मुलीला पाहायला खंडव्याची मंडळी येणार असल्याचा निरोप आला. माणसं कर्मठ. सरबताला बर्फ काढायला त्यांच्यातलं कुणी उठलं आणि डबा दिसला तर? सकाळी कचऱ्याची गाडी दारात आली, तेव्हा मी डबा तिच्यात रिकामा केला, घासला आणि पालथा घातला.

चार दिवसांनी शैलाताई आल्या. मी म्हटलं, "लाइट गेली होती हो दोन दिवस. सगळं सडलं, टाकावं लागलं." त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तो वास काढताना तुम्हाला किती त्रास झाला असेल! माझंच चुकलं, तुमच्या घरात ठेवायला नको होतं." आणि माझा हात हातात घेतला. त्या ओरडल्या असत्या तर कदाचित मी खरं बोलले असते. पुढच्या उन्हाळ्यात सुरय त्या वाळूवर आलेच नाहीत. खंडव्याचं स्थळ जमलं, मुलगी सुखात आहे. आम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

परवा गौरी शैलाताईंची काही पुस्तकं द्यायला आली. त्यांत त्यांचा एक छापील निबंध होता. मला इंग्रजी वाचता येतं, शाळेत शिकवायचे मी. एका पानावर लिहिलं होतं: बुऱ्हाणपूरचे नमुने वीज गेल्याने खराब झाले, त्यामुळे इथली अंडी पाऱ्यामुळे फुटली नाहीत की कसं, हे सांगता येत नाही. तपासल्याशिवाय एक वाक्य न लिहिणाऱ्या बाईने माझं वाक्य मात्र जसंच्या तसं, न तपासता, स्वतःच्या नावाखाली छापलं होतं.

मी यांना हाक मारली, गौरीसमोरच सगळं सांगितलं. हे खाली बघत म्हणाले, "मालूम था मला. डबा ओतताना पाहिलं होतं तुला."

"मग बहिणीला बोलला का नाहीत?"

"पोरीचं जमत होतं ना..." म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

गौरीने निबंधाचं ते पान पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "हे दुरुस्त करून छापता येईल, मावशी. मॅडमनी तेच केलं असतं. 'घरातल्या एका व्यक्तीने नमुने फेकले' असं लिहू. तुमचा उल्लेख नको."

"नको," मी म्हटलं, "वहिनीने फेकले असं लिही."